आयर्लंडच्या आठव्या घटनादुरुस्तीची पस्तीस वर्षे

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात २१ ऑक्टोबर २०१२ रोजी सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य तरुणी पाठदुखीची तक्रार घेऊन दाखल झाली. माहेर बेळगावचे, पोटात १७ आठवड्यांचा गर्भ. गर्भपात अटळ आहे आणि हे मूल जगणार नाही, हे डॉक्टरांच्या ध्यानात लवकरच आले होते. तेव्हा गर्भ काढून टाकावा, अशी विनंती पती-पत्नींनी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असेपर्यंत या देशात तसे करता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. २४ ऑक्टोबरला ठोके थांबले; पण तोवर जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरच्या पहाटे सविता यांचा मृत्यू झाला.

ही बातमी नोव्हेंबरात जगभर पसरली तेव्हा बेळगावपासून मुंबईपर्यंत सर्वत्र एकच संताप उमटला, की एका कॅथॉलिक देशाच्या कायद्याने आमची मुलगी मारली. संताप स्वाभाविक होता. परंतु त्या कायद्याकडे बारकाईने पाहू लागताच एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. आईच्या जिवाला धोका असेल तर आयर्लंडमध्ये गर्भपात कायदेशीर आहे, असा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या मृत्यूच्या २० वर्षे आधी, १९९२ मध्येच दिलेला होता. निकाल होता, तो अंतिम होता आणि कोणीही तो उलटवलेला नव्हता. मग तो गॉलवेच्या रुग्णकक्षापर्यंत पोहोचला का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर राज्यघटनेतील एका वाक्याचा इतिहास पाहावा लागतो.

भीती न्यायाधीशांची

आयर्लंडची राज्यघटना १९३७ सालची. भारतीय वाचकाला ती अगदीच परकी वाटू नये. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घटनाकारांनी तिथूनच घेतली. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे संसद विशेष बहुमताने घटना दुरुस्त करू शकते. आयर्लंडमध्ये संसदेने मंजूर केलेली घटनादुरुस्ती सार्वमताला टाकावीच लागते. जनतेने 'हो' म्हटल्याखेरीज घटनेतील स्वल्पविरामही हलत नाही. त्यामुळे एकदा एखादी गोष्ट घटनेत गेली की ती बाहेर काढणे हे सरकारच्या हातात राहत नाही.

गर्भपात तिथे १९८३ च्या आधीही गुन्हाच होता. ब्रिटिश अमलातील १८६१ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला होता आणि त्यात कमाल शिक्षा जन्मठेपेची होती. तरीही त्यावर घटनेचे कुलूप घालावे असे काहींना वाटू लागले, याला कारण एक निराळाच खटला होता. मॅगी नावाच्या एका विवाहितेला चार मुले होती. बाळंतपणात तिचा जीव दोनदा धोक्यात आला होता आणि आणखी गर्भारपण प्राणावर बेतेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता. तिने इंग्लंडहून मागवलेले गर्भनिरोधक जेली सीमाशुल्क विभागाने जप्त केले, कारण गर्भनिरोधकांच्या आयातीवर १९३५ च्या कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७३ मध्ये ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पती-पत्नीच्या खासगी जीवनाचा हक्क घटनेत शब्दशः लिहिलेला नसला तरी तो तिच्यात अनुस्यूत आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

इथे परंपरावाद्यांच्या मनात पाल चुकचुकली. अमेरिकेत नेमके हेच घडले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये विवाहितांच्या गर्भनिरोधनाचा हक्क खासगीपणाच्या आधारावर मान्य केला आणि त्याच धाग्याला धरून १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्कही मान्य केला. उद्या डब्लिनचे न्यायाधीशही तीच वाट चालतील, या भीतीतून १९८१ मध्ये चळवळ उभी राहिली. तिचा रोख तसा गर्भपातावर नव्हताच, कारण गर्भपाताला कायद्याने बंदी होतीच. रोख होता न्यायाधीशांवर. त्यांना या विषयात शिरताच येऊ नये, अशी तरतूद घटनेत करून ठेवायची होती.

त्यातून आठवी घटनादुरुस्ती जन्मली. तिचा आशय असा: अजात जिवाचा जगण्याचा हक्क राज्य मान्य करते आणि आईच्या समान हक्काचा यथोचित विचार ठेवून, व्यवहार्य असेल तिथवर, कायद्याद्वारे त्या हक्काचे रक्षण करण्याची हमी देते. वाक्य एकच, पण त्यात दोन हक्क 'समान' आहेत आणि त्यांची टक्कर झाली तर काय करायचे याबद्दल अक्षर नाही. 'अजात' म्हणजे गर्भधारणेच्या कोणत्या क्षणापासून, हेही नाही. त्या वेळचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य विधी सल्लागार, पीटर सदरलँड यांनी ही शब्दरचना संदिग्ध आहे आणि तिच्यातून गोंधळ निर्माण होईल, असा इशारा लेखी दिला होता. पंतप्रधान गॅरेट फिट्झजेरल्ड यांनाही तो पटला. पण निवडणुकीत दिलेला शब्द आणि संसदेतील गणित आड आले. ७ सप्टेंबर १९८३ रोजी सार्वमत झाले. ६६.९ टक्के मते दुरुस्तीच्या बाजूने पडली आणि न्यायाधीशांना दूर ठेवण्यासाठी लिहिलेले वाक्य घटनेत गेले. पुढची ३५ वर्षे त्याचा अर्थ लावण्यात न्यायाधीशांचाच वेळ गेला.

पत्ता सांगणे हाही अपराध

पहिला फटका बसला तो माहितीला. डब्लिनमधील दोन समुपदेशन केंद्रे गर्भवती स्त्रियांना इंग्लंडमधील दवाखान्यांची माहिती देत असत. गर्भपातविरोधी संघटनेच्या तक्रारीवरून त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम निघाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९८८ मध्ये कायम केला. परदेशातील दवाखान्याचा पत्ता देणे म्हणजे अजात जिवाच्या नाशाला साहाय्य करणे, असा अर्थ लावला गेला. मग विद्यार्थी संघटनांवर दावे झाले; त्यांनी आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांत हेच पत्ते छापले होते. विद्यार्थ्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत मेरी रॉबिन्सन होत्या, ज्या १९९० मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. हे प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेले. गर्भपात ही युरोपीय कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे, असे त्या न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. मात्र विद्यार्थ्यांचा त्या दवाखान्यांशी काही आर्थिक संबंध नसल्यामुळे युरोपीय कायद्याचे संरक्षण त्यांना मिळू शकत नाही, असेही म्हटले. थोडक्यात, दवाखान्याकडून पैसे घेऊन जाहिरात केली असती तर बचावाला आधार मिळाला असता. फुकट माहिती दिली म्हणून तो मिळाला नाही. कायद्याचे तर्कशास्त्र कधी कधी असे विनोदी वळण घेते.

'सेवा' या शब्दाने आयरिश सरकार मात्र धास्तावले. मास्ट्रिख्ट येथे युरोपीय संघाच्या कराराची तयारी सुरू होती. आमच्या घटनेतील या कलमावर युरोपीय कायद्याचा परिणाम होणार नाही, असे एक परिशिष्ट सरकारने त्या करारात घालून घेतले. करारावर ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झाल्या. त्याच्या आदल्याच दिवशी डब्लिनमधील एक कुटुंब आपल्या १४ वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाले होते.

'एक्स' खटला

ही मुलगी न्यायालयीन कागदपत्रांत 'एक्स' म्हणून ओळखली जाते. ओळखीतल्या एका प्रौढाने तिच्यावर अत्याचार केला होता आणि ती गरोदर होती. आईवडिलांनी तिला इंग्लंडला नेऊन गर्भपात करून घेण्याचे ठरवले. त्याआधी त्यांनी कोणताही सरळमार्गी नागरिक विचारेल तसा पोलिसांना प्रश्न विचारला: गर्भाच्या ऊतींची डीएनए चाचणी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का? पोलिसांनी प्रश्न वर पाठवला, तो ॲटर्नी जनरल हॅरी व्हेलेहन यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी थेट उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. कुटुंब शस्त्रक्रिया न करताच परतले. काही न विचारता ते निघून गेले असते तर हा खटला उभाच राहिला नसता. हजारो आयरिश स्त्रिया दरवर्षी अशाच गुपचूप जात होत्या.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डेक्लन कॉस्टेलो यांनी १७ फेब्रुवारीला निकाल दिला. मुलगी आत्महत्येची भाषा बोलत होती आणि तसा मानसशास्त्रज्ञाचा पुरावा न्यायालयापुढे होता. न्यायमूर्तींनी दोन धोके तराजूत घातले. मुलगी जीव देईल ही शक्यता आहे, पण गर्भपात झाला तर अजात जिवाचा मृत्यू निश्चित आहे. तेव्हा शक्यतेपेक्षा निश्चितता जड. १४ वर्षांच्या मुलीला नऊ महिने देश सोडण्यास मनाई झाली. घटनेतील वाक्य अक्षरशः वाचले तर हा निष्कर्ष तर्कदुष्ट म्हणता येणार नाही, आणि देश हादरला तोही याचमुळे. १९८३ मध्ये 'हो' म्हणणाऱ्या पुष्कळांना आपण कशाला 'हो' म्हटले हे त्या आठवड्यात प्रथम उमगले. रस्त्यांवर मोर्चे निघाले.

सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारीला हुकूम उठवला आणि ५ मार्च १९९२ रोजी कारणमीमांसा जाहीर केली. सरन्यायाधीश थॉमस फिनले यांच्यासह चार न्यायाधीश एका बाजूला, एक विरोधात. बहुमताने घालून दिलेली कसोटी अशी, की आईच्या जिवाला खरा आणि गंभीर धोका असेल व तो गर्भपाताखेरीज अन्य उपायाने टळणार नसेल, तर गर्भपात घटनेला मान्य आहे. हा धोका आत्महत्येचाही असू शकतो. परंतु धोका 'जिवाला' हवा, केवळ 'प्रकृतीला' असून भागणार नाही.

या निकालातील एका तपशिलाकडे फारसे लक्ष गेले नाही. गॉलवेच्या घटनेनंतर मात्र तो डोळ्यांत भरतो. ॲटर्नी जनरलांच्या वतीने याहून कडक कसोटी सुचवण्यात आली होती: आईचा मृत्यू अटळ किंवा अगदी तोंडावर आलेला असेल तरच परवानगी असावी. ती न्यायालयाने स्पष्ट शब्दांत फेटाळली. इतकी वाट पाहणे म्हणजे आईच्या जगण्याच्या हक्काचे पुरेसे रक्षण न करणे होय, असे सरन्यायाधीशांनी लिहिले. न्यायमूर्ती नायल मॅकार्थी यांनी तर संसदेलाच धारेवर धरले. १९८३ पासून आठ वर्षे उलटूनही या कलमाच्या अंमलबजावणीचा कायदा न करणे हे आता नुसते दुर्दैवी राहिलेले नाही, ते अक्षम्य आहे, अशा आशयाचे ताशेरे त्यांनी ओढले.

संसदेने त्यानंतर आणखी २१ वर्षे घेतली.

निकाल आहे, कायदा नाही

या २१ वर्षांत काहीच झाले नाही असे नव्हे. जे अवघड होते तेवढे झाले नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये एकाच दिवशी तीन प्रश्नांवर सार्वमत झाले. गर्भपातासाठी परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य जनतेने मान्य केले आणि माहिती मिळवण्याचेही केले. आत्महत्येचा धोका हे कारण वगळावे, हा तिसरा प्रस्ताव मात्र फेटाळला. मार्च २००२ मध्ये तोच प्रस्ताव नव्या रूपात पुन्हा आला आणि एक टक्क्याहूनही कमी फरकाने पुन्हा पडला. म्हणजे 'एक्स' निकाल जनतेने दोनदा तावूनसुलाखून कायम ठेवला.

मधल्या काळात १९९५ मध्ये माहितीविषयीचा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे परीक्षणाला आला. ईश्वरी किंवा नैसर्गिक कायदा हा घटनेहूनही श्रेष्ठ आहे, तेव्हा सार्वमताने मंजूर झालेली दुरुस्तीसुद्धा त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, असा युक्तिवाद अजात जिवाच्या वतीने करण्यात आला. न्यायालयाने तो नाकारला: देशाचा सर्वोच्च कायदा घटना आहे आणि ती बदलण्याचा अधिकार लोकांचा आहे. धर्मसत्तेचा एवढा पगडा असलेल्या देशात हे इतक्या शांतपणे लिहिले गेले याची नोंद घेतली पाहिजे.

पण डॉक्टरांच्या दृष्टीने परिस्थिती काय होती? सर्वोच्च न्यायालय म्हणते, जिवाला खरा आणि गंभीर धोका असेल तर परवानगी आहे. धोका किती म्हणजे खरा आणि गंभीर? १० टक्के, ५० टक्के? तो कोणी ठरवायचा, एका डॉक्टराने की दोघांनी? रुग्णाला निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची? यातले काहीही कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. दुसरीकडे १८६१ चा कायदा मात्र जिवंत होता आणि अंदाज चुकला तर जन्मठेप होती. न्यायालयाचा निकाल ग्रंथालयात होता, फौजदारी कलम डोक्यावर होते. अशा वेळी सावध डॉक्टर काय करील, हे सांगायला कायदेपंडित नको.

भारतात १९७१ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे. त्याच्या आठवड्यांच्या मर्यादेवरून वाद झाले. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात २० आठवड्यांच्या पुढील गर्भपाताची परवानगी मागणारे प्रकरण गाजले आणि २०२१ मध्ये काही विशिष्ट परिस्थितींत ही मर्यादा २४ आठवड्यांवर गेली. पण कोणी, कोणत्या कारणाने, किती आठवड्यांपर्यंत निर्णय घ्यायचा हे इथल्या डॉक्टरला कायद्याच्या पुस्तकात वाचता येत होते. आयर्लंडमध्ये ते पानच नव्हते.

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. ए, बी आणि सी अशा नावांनी तीन स्त्रियांनी दाखल केलेल्या दाव्यात १६ डिसेंबर २०१० रोजी निकाल लागला. पहिल्या दोघींचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. देशाला आपल्या नैतिक धारणांनुसार बंदी घालण्याची मोकळीक आहे, असे म्हटले. तिसरीला दुर्मिळ प्रकारचा कर्करोग होऊन गेला होता आणि गर्भारपणाने तो उलटेल का, हे तिला ठामपणे सांगणारे कोणी नव्हते. तुमच्या घटनेने जो हक्क दिला आहे तो आपल्याला लागू आहे की नाही, हे ठरवण्याची कोणतीही सोय तुम्ही या स्त्रीला दिलेली नाही, असे सुनावत न्यायालयाने आयर्लंडला दोषी ठरवले. सरकारने न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीचा अहवाल सरकारकडे आला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये, गॉलवेतील मृत्यूची बातमी फुटली त्याच सुमारास.

गॉलवेतील चार दिवस

एप्रिल २०१३ मध्ये सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूची न्यायचौकशी ज्युरीसमोर झाली. तिथे जे बाहेर आले ते 'धर्माने मारले' या घोषणेपेक्षा गुंतागुंतीचे होते. दाखल झाल्या वेळी घेतलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या. त्या अहवालाचा पाठपुरावा झाला नाही. गर्भजल गेल्यानंतर नाडी, ताप यांची नोंद ठरलेल्या वेळांना व्हायला हवी होती. ती नियमित झाली नाही. संसर्ग ओळखण्यात उशीर झाला. हा कॅथॉलिक देश आहे, असे आपण बोललो होतो, हे एका परिचारिकेने साक्षीत मान्य केले. पण ते संभाषणाच्या ओघातले वाक्य होते, रुग्णालयाचे धोरण नव्हते. ज्युरीने एकमताने 'वैद्यकीय दुर्घटना' असा निर्णय दिला.

मग कायद्याचा दोष नव्हता का? याचे उत्तर डब्लिनमधील ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ पीटर बॉयलन यांच्या साक्षीत आहे. सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे २२ अथवा २३ ऑक्टोबरला, गर्भ काढला असता तर सविता बहुधा वाचल्या असत्या, असे त्यांनी सांगितले. परंतु त्या दोन दिवसांत त्यांच्या प्रकृतीला धोका होता, जिवाला तसा धोका दिसत नव्हता; म्हणून कायद्याने ते करता येत नव्हते. आणि जिवाला धोका आहे हे बुधवारी स्पष्ट झाले तेव्हा फार उशीर झाला होता. १९९२ च्या निकालातील 'जीव' आणि 'प्रकृती' या दोन शब्दांतले अंतर कागदावर रेषेएवढे दिसते. गॉलवेत ते दोन दिवसांचे निघाले.

इथे न्यायालयाला पूर्ण दोषमुक्त करता येत नाही. अटळ मृत्यूची वाट पाहू नका, असे निकालपत्र सांगत होते हे खरे. पण प्रकृतीचा धोका बाहेर ठेवणारी रेषाही त्याच निकालपत्राने आखली होती. अर्थात ती आखण्यावाचून न्यायाधीशांना गत्यंतर नव्हते, कारण घटनेतील वाक्यात 'जगण्याचा हक्क' समान होता, प्रकृतीचा उल्लेखच नव्हता.

जुलै २०१३ मध्ये संसदेने १२७ विरुद्ध ३१ मतांनी कायदा केला. शारीरिक धोक्यासाठी दोन डॉक्टर, आत्महत्येच्या धोक्यासाठी एक प्रसूतितज्ज्ञ व दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि तातडीच्या वेळी एकच डॉक्टर, अशी पद्धत ठरली. १८६१ ची कलमे गेली. शिक्षा मात्र कमाल १४ वर्षांची राहिली. 'एक्स' निकालाची कसोटी होती तशीच कायद्यात आली, कारण घटनेतील कलम जागच्या जागी होते.

मृत आई, १५ आठवड्यांचा गर्भ

त्या कलमाची मजल कुठवर जाऊ शकते हे २०१४ च्या नाताळात दिसले. दोन मुलांची आई असलेली एक तरुण स्त्री ३ डिसेंबरला मेंदूमृत झाली. ती १५ आठवड्यांची गरोदर होती. एरवी अशा वेळी नातेवाइकांना विश्वासात घेऊन यंत्रे बंद केली जातात. इथे डॉक्टरांना प्रश्न पडला: पोटात अजात जीव आहे, त्याच्या हक्काचे काय? यंत्रे चालू ठेवण्यात आली. देहात संसर्ग वाढत होता, सूज येत होती आणि तिची मुले आईला त्या अवस्थेत पाहत होती. अखेर तिच्या वडिलांना आपल्या मृत मुलीला मरू द्यावे म्हणून उच्च न्यायालयात अर्ज करावा लागला.

तीन न्यायाधीशांच्या पीठाने नाताळच्या तोंडावर सुनावणी घेऊन २६ डिसेंबरला निकाल दिला आणि यंत्रे बंद करण्यास परवानगी दिली. गर्भ जगण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्याची वास्तव शक्यता नाही, असा वैद्यकीय पुरावा होता. त्यामुळे उपचार चालू ठेवणे हे अजात जिवाच्याही हिताचे नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल माणुसकीचा होता. पण हाच गर्भ २२-२३ आठवड्यांचा असता तर काय, हा प्रश्न त्याने मोकळाच ठेवला. त्या वेळी आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, व्यवसायाने डॉक्टर. आठवी दुरुस्ती फारच जाचक आहे, असे त्यांनी याच सुमारास संसदेत बोलून दाखवले.

वराडकर यांचे वडील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. जून २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा कोकणात पेढे वाटले गेले. त्यांच्याच कारकिर्दीत या कलमाचा शेवट व्हायचा होता.

पुन्हा मतपेटीकडे

सरकारने आधी ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अध्यक्षस्थानी होत्या. नावे चिठ्ठीपद्धतीने, पण वय, प्रदेश यांचे प्रमाण राखून काढलेली. या सभेने महिनोन्महिने डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांना ऐकून कलम बदलण्याची शिफारस केली. मग एक कायदेशीर पेच आला. एका परदेशी नागरिकाच्या हद्दपारीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने म्हटले होते, की अजात बालकाला या कलमाबाहेरही घटनेत इतर हक्क आहेत. हे खरे मानले तर कलम रद्द करूनही प्रश्न सुटणार नव्हता; अजात बालकाचे हक्क घटनेच्या दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा पुढे येऊ शकले असते. सर्वोच्च न्यायालयाने घाईने सुनावणी घेतली आणि ७ मार्च २०१८ रोजी सात न्यायाधीशांनी एकमताने निर्वाळा दिला: अजात जिवाला घटनेने दिलेला हक्क एकच आहे, जगण्याचा, आणि तो याच कलमात आहे. हा निकाल हद्दपारीच्या बातमीत दडून गेला, पण सार्वमताचा रस्ता त्याने मोकळा केला.

तरीही सरकारने सावधपणा सोडला नाही. कलम नुसते खोडण्याऐवजी त्याच्या जागी एक छोटे वाक्य घालायचे ठरले: गर्भपाताच्या नियमनासाठी कायद्याने तरतूद करता येईल. यात हक्काची भाषा नाही, आईच्या नाही की गर्भाच्या नाही. निर्णयाचा अधिकार कोणाचा एवढेच ते सांगते, आणि तो संसदेचा.

२५ मे २०१८ रोजी मतदान झाले. ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. १९८३ मध्ये कलम घालताना जेवढे टक्के होते, जवळपास तेवढेच टक्के ते काढताना. सर्व मतदारसंघांत डॉनेगल हा एकच विरोधात गेला. डब्लिनमध्ये सविता यांचे चित्र रंगवलेल्या भिंतीवर लोकांनी शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या.

१ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा लागू आहे. १२ आठवड्यांपर्यंत कारण द्यावे लागत नाही. डॉक्टरने दाखला दिल्यानंतर तीन दिवस थांबावे लागते. त्यापुढे आईच्या जिवाला धोका किंवा प्रकृतीला गंभीर हानीचा धोका असावा लागतो. 'प्रकृती' हा शब्द अखेर कायद्यात आला. जन्माआधी अथवा जन्मानंतर २८ दिवसांत मूल दगावेल इतके गंभीर व्यंग असल्यासही परवानगी आहे. आयर्लंडचा पत्ता देऊन इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या २००१ मध्ये ६,६७३ होती. नवा कायदा आल्यावर पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, देशातच ६,६६६ गर्भपातांची नोंद झाली. २०२३ मध्ये हा आकडा १०,०३३ होता.

या कायद्याने स्त्रीला स्वतःच्या गर्भपातासाठी गुन्हेगार धरणे सोडून दिले आहे. डॉक्टरने मर्यादा ओलांडली तर मात्र कमाल १४ वर्षांची शिक्षा कायम आहे. सरकारनेच नेमलेल्या बॅरिस्टर मरी ओशे यांनी एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढावा अहवालात या फौजदारी तरतुदीचा फेरविचार सुचवला, तीन दिवसांची सक्ती काढावी असे म्हटले आणि २८ दिवसांच्या अटीमुळे डॉक्टर अजूनही कचरतात याकडे लक्ष वेधले. जन्मल्यावर मूल २८ दिवस जगेल की २९, हे गर्भावस्थेतच छातीठोकपणे सांगण्यास डॉक्टर धजावत नाहीत. अशी काही जोडपी आजही इंग्लंडचे विमान पकडतात.